दुसरा घाव

मागच्या दाराला कुलूप होतं. मालेनेनं मूठ दोनदा दाबून पाहिली. बेचाळीस वर्षांत हे दार तिला कधी बंद सापडलं नव्हतं. आजोबा अँडर्स गेले त्या आठवड्यातही नाही, आणि तिचं आणि बाबांचं वाजलं आणि ती बॅग भरून ऑर्‌हूस शहरात निघून गेली त्या वर्षीही नाही. तिनं काचेवर टकटक केलं.

"कोण आहे?" आतून बाबांचा आवाज.

"मी आहे, बाबा."

"मी कोण?"

"मालेने. आता ओळखपत्र दाखवू का?"

कुलूप उघडलं. तिचा बाप थोर्किल तिच्याकडे पाहण्याआधी तिच्या खांद्यावरून अंगणात पाहत होता. एकाहत्तर वर्षांचा, दारात अजूनही मावणार नाही असा गडी. पण दहा दिवसांत गळ्याची कातडी सैल झाली होती. "बूट काढ," म्हणाला आणि आत वळला.

बूट काढताना तिनं फरशीकडे पाहिलं. फरशी इतकी घासली होती की पूर्वीचे डागसुद्धा गेले होते. दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला, या दारातून एक माणूस आत शिरला होता. यानिक नावाचा, सव्वीस वर्षांचा, फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, पलीकडच्या गावातला. बाबांच्या पाठीच्या ऑपरेशननंतर दिलेल्या जहाल गोळ्या त्याच्या खिशात सापडल्या. बाबांनी त्याला गुरं हाकायच्या काठीनं मारलं, तो पडला, आईनं फोन करून रुग्णवाहिका बोलावली. इथवर सगळं पेपरातही आलं होतं, आणि गावानं बाबांची पाठही थोपटली होती. पण शुक्रवारी यानिक शुद्धीवर आला, आणि शनिवारी पोलिसांतल्या त्या विबेके नावाच्या बाईंचा फोन आला: सोमवारी दहा वाजता येते, घरातल्या सगळ्यांशी बोलायचं आहे. डॉक्टरांच्या मते जखमा दोन आहेत, आणि त्या एकाच वस्तूच्या वाटत नाहीत.

मालेने परिचारिका होती. भावानं, योआकिमनं, फोनवर हे सांगितल्यापासून तिला झोप नव्हती.

स्वयंपाकघरात गेर्डा, तिची आई, लाल कोबी ढवळत होती. ओव्हनमध्ये पोर्कचं कातडं तडतडत होतं.

"आलीस? रस्त्यावर बर्फ होता का गं?"

"नव्हता. आई, कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय. बटाटे सोल."

मालेने सोलायला बसली. बाबा टेबलाच्या टोकाला पेपर उघडून बसले होते, पान मात्र उलटत नव्हते. आई कपाटाकडे गेली, ओव्हनकडे आली, त्यांच्या समोरून चार वेळा गेली. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. आईनं कॉफीचा कप पुढे ठेवला तर त्यांनी तो उचलला, पण आईचा हात मागे जाईपर्यंत थांबून.

"बाबा, तो पडला कुठे?"

"हे काय आता? पोलिसांना सांगितलंय सगळं."

"मला सांगा ना."

"तिथे." त्यांनी हनुवटीनं चुलीकडे खूण केली. "मी हातावर हाणली. तो मागे घसरला आणि चुलीच्या कडेवर आपटला. दुसरी जखम तीच."

मालेनेनं चुलीकडे पाहिलं. जुनी लाकडाची चूल, आजोबांच्या वेळची, कडा गोल. योआकिमनं सांगितल्याप्रमाणे जखम डाव्या कानामागे होती, वरून खाली. चुलीवर आपटणाऱ्याला ती तिथे कशी होईल?  उठून तिनं दुसरंच विचारलं.

"आज आप्पे करायचे ना? नाताळाआधीच्या चार रविवारांतली पहिली मेणबत्ती आहे. पात्र कुठाय?"

चुलीवरच्या खिळ्याला दर हिवाळ्यात बिडाचं आप्पेपात्र लटकलेलं असायचं, सात खळ्यांचं, लांब दांड्याचं. खिळा रिकामा होता.

आईचा डाव थबकला. "डोर्टेकडे आहे. तिनं नेलंय."

नेमकं तेव्हाच योआकिम आणि डोर्टे अंगण ओलांडून आले. नवं घर समोरच, गोठ्याच्या पलीकडे. सोळा वर्षं दोघं तिथे राहत होते आणि गोठा आता योआकिमच सांभाळत होता. मुलींना मुद्दाम हँडबॉलच्या सामन्याला पाठवलं होतं.

"डोर्टे, आप्पेपात्र आणलंस का?" मालेनेनं विचारलं.

"मी?" डोर्टे टोपी काढता काढता थांबली. "माझ्याकडे कुठून येणार? आमची चूल काचेची, त्यावर ते चालतंच नाही."

 योआकिम खिळ्याकडे न पाहता थेट आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. मालेनेला वाटलं, न पाहण्याची ही रीत फार सरावाची आहे.

*

जेवताना पहिली दहा मिनिटं हवामानाच्या गप्पांत गेली. डोर्टेला या घरातली शांतता ओळखता येत होती. सोळा वर्षांत तिनं त्यातले प्रकार शिकून घेतले होते. ही शांतता कुणावर तरी पडायच्या आधीची होती, आणि ती आपल्यावरच पडणार हे तिला ठाऊक होतं.

"मला एक कळत नाही," मालेने म्हणाली. "दर गुरुवारी तुम्ही दोघं पोहायला जाता. त्या दिवशी आईला सर्दी होती म्हणून गेला नाहीत. गाडी योआकिमनं नेली होती, अंगण रिकामं. म्हणजे तो घर रिकामं समजूनच आला. गुरुवारचं त्याला सांगितलं कुणी?"

"गावाला माहीत आहे," योआकिम म्हणाला.

"तो या गावचा नाही. आणि गोळ्या कुठल्या खणात आहेत तेही गावाला माहीत आहे?" मालेनेनं काटा खाली ठेवला. "डोर्टे, तू शिकवतेस त्या शाळेत होता ना तो?"

आलंच माझ्यावर, डोर्टे मनात म्हणाली. "सातवी-आठवीला. बारा-तेरा वर्षं झाली. हुशार होता. नंतर दिसला तो एकदाच, बसथांब्यावर. मी हात केला, त्यानं तोंड फिरवलं. आणखी काही विचारायचंय?"

"मी आरोप करत नाहीये."

"करतेयस. कर ना, पण नीट कर. मी चोराला घराचा नकाशा काढून दिला, असं म्हण."

तिनं योआकिमकडे पाहिलं. तो मांसाचा तुकडा बारीक बारीक कापत होता. एक शब्द, तिला वाटलं. एकच शब्द बोल माझ्या बाजूनं.

"कुणी सांगितलं यानं काय फरक पडतो?" योआकिम शेवटी बोलला, पण तिच्याकडे न बघता. "तो घरात शिरला. बाबा एकाहत्तर वर्षांचे, पाठीत लोखंडी पट्ट्या. त्यांनी काय करायला हवं होतं? कॉफी विचारायची? ज्यानं दुसऱ्याच्या घराचं दार ढकललं त्यानं पुढचं सगळं पत्करलंच. एक मारा नाहीतर दोन मारा."

गेर्डाच्या हातातला सॉसचा डाव भांड्यावर आपटला. "सांडलं," ती म्हणाली आणि फडकं घेऊन पुसत बसली.

"दोन?" डोर्टे म्हणाली. "पहिल्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. त्यानं बाबांना दारावर ढकललं, बाबांनी काठी चालवली. मीही चालवली असती. पण हात मोडून खाली बसलेल्या माणसाला दुसरा घाव कशासाठी?"

"तू होतीस तिथे? खिशात चाकू नव्हता हे नंतर कळलं. त्या क्षणाला कुणाला ठाऊक?"

"म्हणजे दुसरा घाव होता, हे तुला मान्य आहे," मालेने पटकन म्हणाली.

योआकिमची सुरी थांबली.

डोर्टेच्या लक्षात आलं की नणंदेनं आता मोहरा वळवला आहे, आणि पहिल्यांदाच त्या दोघी एका बाजूला आहेत. दहा दिवस ती नवऱ्याच्या शेजारी झोपत होती आणि दहा दिवस तो भिंतीकडे तोंड करून जागा होता. तिनं विचारलं होतं, त्यानं गोठ्यातल्या आजारी गाईचं नाव सांगितलं होतं. गाय केव्हाच बरी झाली होती.

"योआकिम," ती हळू म्हणाली, "त्या संध्याकाळी तू शेणाच्या टाकीपाशी काय पाहिलंस?"

"काही नाही."

"दूध काढून टाकीकडून आलास तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी शिक्षिका आहे, खोटं बोलणारी तोंडं मी दिवसभर बघते."

"डोर्टे, गप बस."

"नाही बसणार. मघाशी मला चोराची साथीदार ठरवत होते तेव्हा तू गप बसलास ना? आता गप्प बसायची माझी पाळी नाही."

योआकिमनं वडिलांकडे पाहिलं. थोर्किलनं अगदी थोडी मान हलवली: नको. पण ती हालचाल मालेनेनं पाहिली, आणि मालेनेनं पाहिली हे सगळ्यांनी पाहिलं.

"बाबांनी टाकीचं झाकण सरकवलं," योआकिम म्हणाला.  "आणि काहीतरी आत टाकलं. जड होतं. लांब दांड्याचं."

सगळ्यांची नजर चुलीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे गेली.

"बरं," थोर्किल म्हणाला. त्यानं रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची घडी केली. "आता कळलं ना? मीच मारलं. दोन्ही वेळा. काठी हातातून निसटली, चुलीवरचं पात्र हाताला लागलं, तेच घातलं. उद्या तसंच सांगणार आहे. विषय संपला."

"बाबा, तुमची पाठ," मालेने म्हणाली. "तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ऑपरेशननंतर केस विंचरायलासुद्धा आई लागते तुम्हाला. खाली बसलेल्या माणसाच्या कानामागे वरून खाली, तेही डाव्या बाजूला, एवढं जड बीड तुम्ही कसं घालणार?"

तेव्हा गेर्डा उठली. मीठ आणते म्हणाली आणि तळघराच्या पायऱ्या उतरून गेली. मीठ टेबलावरच होतं.

*

तळघरात सफरचंदं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. गेर्डा फळीला टेकून उभी राहिली. वरून आवाज येत होते, पण शब्द कळत नव्हते. दहा दिवस ती असंच जगत होती. सगळं ऐकू येत होतं, कळत काही नव्हतं.

त्या गुरुवारी ती इथेच होती. आप्पेपात्र खाली आणलं होतं, वर्षभराचा गंज घासून तेल लावायला. वर काहीतरी आपटलं. थोर्किल ओरडला.  पायऱ्या चढताना पाय कापत होते, आणि पात्र हातात होतं ते हातातच राहिलं. इथवर सगळं खरं सांगता येण्यासारखं होतं.

वर पोचली तेव्हा थोर्किल दाराला टेकून उभा होता, धापा टाकत, पण धडधाकट. काठी त्याच्या हातात होती. आणि चुलीशी, मोडका हात पोटाशी धरून, यानिक बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"गेर्डा," तो म्हणाला. "नको. गेर्डा, मी आहे."

ती फळीपासून दूर झाली. मुरंब्याच्या बरण्यांची रांग उगाच सरळ केली. मग वर गेली.

"बसा सगळे," ती म्हणाली. कुणी उठलंच नव्हतं. "गुरुवारचं मी सांगितलं त्याला."

"कुणाला?" योआकिमनं विचारलं.

"यानिकला. सप्टेंबरात आला होता. सफरचंदं विकता का विचारत. मी म्हटलं, विकत कसली घेतोस, वेचून ने. मग कॉफी दिली. केक होता. परत आला, पुढच्या आठवड्यात. मग परत. तीन वेळा. थोर्किल व्यायामाला जायचा तेव्हा. मी म्हटलं, गुरुवारी येऊ नकोस, आम्ही पोहायला जातो. त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. गोळ्यांचंही मीच बोलले. थोर्किल त्या घेत नाही, नुसत्या खणात ठेवतो, हट्टी आहे, असं हसत हसत."

डोर्टेनं तोंडावर हात ठेवला. मालेने तिच्याकडे वळली, काहीतरी बोलायला गेली, आणि नुसताच तिचा हात धरला. डोर्टेनं तो काढून घेतला नाही.

"आणि दुसरा घाव माझा," गेर्डा म्हणाली. "बाबांनी पात्र माझ्या हातातून सोडवून घेतलं. मला ते सोडवतच नव्हतं."

"आई, थांब. ऐक." योआकिम उभा राहिला होता. "बाबांनी वकिलाला विचारलंय, मीही बोललोय. घाबरलेला माणूस एखादा घाव जास्त घालतो, हे कायदा समजून घेतो. तू म्हातारी, आजारी होतीस, घरात चोर, नवऱ्याला मारलेलं. तू घाबरलीस. एवढंच म्हण. घाबरले आणि हात चालला. कोण नाही म्हणेल?"

"पायऱ्या चढेपर्यंत घाबरले होते."

"मग झालं तर!"

"वर आले तेव्हा नाही. थोर्किल उभा होता. तो पोरगा खाली बसलेला. मी त्याला ओळखलं, त्यानं मला ओळखलं. भीती गेली होती, योआकिम. मला राग आला. माझ्या घरात बसून, माझ्या नावानं मला हाक मारतो. मीच दिलेलं नाव. त्याला आधी मी बाई म्हणू नकोस, गेर्डा म्हण, असं सांगितलं होतं."  "चोर म्हणून नाही मारलं मी त्याला."

"हे उद्या बोललीस तर तुरुंग आहे, कळतंय का तुला?"

"मला सांगायला नको."

"यानिक अजून बोललेला नाही. कदाचित त्याला आठवणारही नाही. डोक्याला मार लागलाय. मालेने, सांग तिला."

 घरी येताना मालेनेला वाटलं होतं, खरं काय ते हुडकून काढायचं. आता ते टेबलावर येऊन पडलं होतं आणि ते परत झाकावं असं तिला मनापासून वाटत होतं. "काहींना आठवत नाही," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाची तिला लाज वाटली. "काहींना आठवतं."

"आणि तो बहिरा झाला त्या कानानं, तर?" डोर्टेनं विचारलं. "त्यालाही सांगायचं, चुलीवर आपटलास म्हणून?"

"तो चोर आहे!" योआकिम टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "आपली आई आहे ही, आणि तो चोर आहे. हे एवढंसं कळायला काय शाळा लागते?"

या सगळ्यात थोर्किल एक शब्दही बोलला नव्हता. आता त्यानं मान वर केली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानं तुझं नाव घेतलं ते. दोनदा." तो शब्द मोजून बोलत होता. "पोलिसांना सांगितलं नाही. पात्र टाकून आलो. बिछान्यावर पडलो की तेच. याला हिचं नाव कसं माहीत? हा 'मी आहे' म्हणतो ते कुणाच्या जोरावर? पन्नास वर्षांच्या संसारात मी तुझी एक चिठ्ठी उघडून वाचली नाही, गेर्डा. या दहा दिवसांत तुझे सगळे खण उघडून पाहिले. तू दूध आणायला गेलीस की."

"काय शोधत होतास?"

"ठाऊक नाही. पैसे दिले असशील. फोटो असेल. कुणाचं तरी पोर असेल, मला न सांगितलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी तू बहिणीकडे तीन महिने राहून आली होतीस, ते महिनेसुद्धा मी बोटांवर मोजले."  "असलं असलं डोक्यात आलं माझ्या."

गेर्डा त्याच्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"आणि तरी माझ्यासाठी खोटं बोललास?"

"ते वेगळं."

"नाही थोर्किल. ते वेगळं नाही. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. पहिल्याच दिवशी."

आप्प्यांचं पीठ परातीत तसंच राहिलं. डोर्टेनं नंतर ते कढईत धिरड्यांसारखं सोडलं आणि सगळ्यांनी तेच खाल्लं. मेणबत्ती लावायची कुणाला आठवली नाही.

*

विबेके बरोबर दहाला आल्या. चाळिशीतल्या, केस मागे बांधलेले, बोलणं मवाळ. बूट न सांगता काढले आणि मोज्यांवर स्वयंपाकघरात येऊन बसल्या. योआकिमनं त्यांना आधीच अंगणात गाठून आई आजारी आहे, फार ताणू नका, असं सांगितलं होतं. आता तो दाराशी हाताची घडी घालून उभा होता. मालेने आणि डोर्टे खिडकीच्या बाकावर.

"एकेकट्यांशी बोलले असते तर बरं झालं असतं," विबेके म्हणाल्या.

"मला सगळ्यांसमोर बोलायचंय," गेर्डा म्हणाली. "एकदाच सांगेन. दुसऱ्यांदा जमेल असं वाटत नाही."

तिनं सप्टेंबरपासून सांगितलं. सफरचंदं, केक, गुरुवार, गोळ्या, तळघर. विबेके संगणकावर लिहीत होत्या. मध्ये फक्त एकदा विचारलं, पात्र आता कुठे आहे. थोर्किल म्हणाला, "शेणाच्या टाकीत. मी टाकलं," आणि विबेकेंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सांगून झाल्यावर त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. बरोबर होतं सगळं. शेवटी त्यांनी वाचलं: "'तो मला नावानं हाक मारत होता. मी अतिशय घाबरले होते, आणि घाबरून मी हातातलं पात्र त्याच्या डोक्यात मारलं.'"

योआकिमनं श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला.

"हे मी म्हटलं नाही," गेर्डा म्हणाली.

"तुम्ही म्हणालात, पाय कापत होते."

"पायऱ्यांवर. वर आल्यावर नाही. ते काढा."

विबेकेंची बोटं कळफलकावर थांबली. "बाई, तुम्ही वकील नसताना बोलताय. घाई नको. त्या क्षणी माणसाला आपलं आपल्याला कळतच असं नाही. भीती होती की राग, हे आता इतक्या दिवसांनी..."

"आई," योआकिम म्हणाला. "राहू दे ना तो शब्द. तुझा जीव जाणार आहे का एका शब्दानं?"

गेर्डानं मालेनेकडे पाहिलं. मालेनेच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग गेर्डानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"थोर्किलची काठी बरोबर होती," ती म्हणाली. "तो अंगावर आला, थोर्किलनं मारलं. तो उभाच राहिला असता तर थोर्किलनं आणखी मारलं असतं, तेही बरोबर होतं. ते कुणी वाईट म्हणालं तर मी भांडेन. पण माझं मी भीतीच्या खात्यात टाकलं, तर थोर्किलचंही टाकल्यासारखं होईल. मग दोन्ही सारखेच. ते सारखे नाहीत. खोडा."

विबेकेंनी खोडलं. मग थोर्किलकडे वळल्या. "तुम्ही दुसऱ्याच दिवशी मला सांगितलं होतं, चुलीची कड."

"ते खोटं होतं." थोर्किल ताठ बसला होता, जणू चर्चमध्ये. "मी पाहत होतो. ती म्हणते तसंच झालं. मी तिला थांबवू शकलो असतो, दोन पावलांवर होतो. थांबवलं नाही. तेही लिहा."

खटला होईल, विबेके जाताना म्हणाल्या. थोर्किलवर काठीबद्दल काही येईल असं त्यांना वाटत नव्हतं. पुरावा लपवल्याबद्दल येईल. गेर्डाचं काय, ते सरकारी वकील ठरवतील. वय पाहतील, पण घाव तो घावच. यानिकचा डावा कान कायमचा गेला होता. बाकी तो वाचेल. बूट घालताना त्यांनी आणखी सांगितलं की तो आज सकाळी बोलला. पोलिसांना एवढंच म्हणाला, की आपण घसरून चुलीवर पडलो.

दार लागलं. योआकिम आईकडे वळून "ऐकलंस?" असं म्हणाला, "ऐकलंस तू? तो बोलणारच नव्हता!" आणि उत्तराची वाट न पाहता गोठ्याकडे निघून गेला. डोर्टे त्याच्या मागे गेली नाही. ती मालेनेबरोबर अंगणात थांबली आणि दोघी टाकीच्या झाकणाकडे बघत हळू आवाजात काहीतरी बोलत राहिल्या.

स्वयंपाकघरात दोघंच उरली. गेर्डानं चष्मा परत लावला. थोर्किलनं किटलीत पाणी भरलं, कप शोधायला चुकीचं कपाट उघडलं, मग बरोबर. पन्नास वर्षांत त्यानं या घरात कॉफी केली नव्हती. फार कडक झाली. दोन कप घेऊन तो तिच्या समोरच्या नाही, शेजारच्या खुर्चीवर बसला.



"तीन वेळा आला," तो म्हणाला.

"हो."

"एवढा काय बोलायचा तो?"

गेर्डानं कप दोन्ही हातांत धरला.

"तो कुठे बोलायचा," ती म्हणाली. "मीच बोलायचे."